कुरवंड्याची भाकरी

कार्तिक अर्धा सरला की आमच्या मावळात वाऱ्याला भाताचा वास येतो. शेतात उभा असताना आंबेमोहोर तसा गप्प असतो. खळ्यावर झोडणी सुरू झाली, पेंढा उन्हात तापला आणि नव्या तांदळाचं पहिलं आधण कुणाच्या तरी चुलीवर चढलं, की मळवलीच्या स्टेशनापासून आमच्या वाडीपर्यंत तोच एक वास. पुण्याकडचे पाहुणे गाडीतून उतरतात, नाक वर करतात आणि समाधानानं हसतात. शहरात त्यांना रेशनचा जो तांदूळ मिळतो त्याला गोणपाटाचा वास असतो म्हणे. मीही त्यांच्याबरोबर हसतो. पण त्या वासाबरोबर मला आठवते ती पदराचा बोळा नाकाशी धरून गोठ्याच्या भिंतीला टेकलेली एक तरुण मुलगी. तिला हा वास सोसत नव्हता. ती माझी बायको.

यंदा सुगीला थोरली नात सुमन माहेरी आली आहे. तिला दिवस गेलेत. खाल्लेलं टिकत नाही, फक्त लोणावळ्याची गुडदाणी, म्हणजे चिक्की, तेवढी चालते. तिचा नवरा तिकडं एका कचेरीत कारकून आहे. दर रविवारी तो पुडा घेऊन येतो, सगळ्यांदेखत तिच्याशेजारी बसतो, पुडा सोडतो आणि निम्मी गुडदाणी स्वतःच खातो. ती त्याच्या हातावर चापट मारते. मी पाहतो आणि मला त्या पोराचा हेवा वाटतो. साठी उलटलेल्या माणसानं नातजावयाचा हेवा करावा, हे लिहायलाही बरं वाटत नाही. पण लिहायला बसलो आहे तो खरं लिहायचं म्हणूनच.

परवा शेजारच्या चार बायका सुमनभोवती जमल्या. डोहाळ्यांच्या गोष्टी निघाल्या. कुणी चुलीची माती खाल्ली होती, कुणाला ताकाशिवाय काही गिळत नव्हतं. मग माझी बायको, भागीरथी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आमच्या येळंला असं कुटं व्हतं बाई. मला म्हायेरची नाचणीची भाकरी लागायची. आत्याबाईंनी ती बंद केली. म्हून तर शंकरचा कान फुटला."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. सासूला आमच्याकडं तशी हाक मारतात. डोहाळे अपुरे राहिले तर होणाऱ्या पोराचा कान फुटतो, हीही आमच्याकडची समजूत. आमचा शंकर, सुमनचा बाप, लहानपणभर कानाला बोळा लावून हिंडला आणि आज त्याला डाव्या बाजूनं हाक मारून उपयोग नसतो.

सुमन म्हणाली, "पणजी लईच खाष्ट होती म्हणायची." बायका हसल्या. मी ओटीवर होतो. ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा ऐकली आहे आणि दर वेळी खाकरून पान उलटल्यासारखं केलं आहे. हातात पेपर नसला तरी.

आईनं भाकरी बंद केली नव्हती. मी केली होती.

त्या सुगीची हकिगत सांगायची तर आधी आमच्या घरातल्या जेवणाची रीत सांगायला हवी. मी तेव्हा तळेगावच्या शाळेत मास्तर होतो आणि दिवाळीच्या सुटीत झोडणीला घरी यायचो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिल्या पंक्तीला आम्ही पुरुष बसायचो, भागी वाढायची. पुरुष उठले की पोरं, मग आई, आणि शेवटी भिंतीकडं तोंड करून सून. ती काय खाते, किती खाते, कशानं तिचा चेहरा खुलतो, हे पाहायची मला सोय नव्हती आणि तशी रीतही नव्हती. दोन वर्षांत मी माझ्या बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. तिच्या हाताची आमटी मला ओळखता येत होती, पण तिला स्वतःला आमटी आवडते की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

ती कुरवंड्याची. वर डोंगरावर, नागफणीच्या अंगाला. तिकडं नाचणी आणि वरई पिकायची, भात थोडा. आम्ही खालचे, ओल्या खाचरांचे. आंबेमोहोराचा आम्हाला केवढा तोरा. डोंगरची मुलगी आमच्याकडं आली म्हणजे तिचं भाग्य उजळलं, असं आमचे भाऊबंद तिच्या बापाला ऐकवायचे आणि तोही मान हलवायचा. आणि नेमक्या त्या सुगीत, तिसरा महिना लागला आणि भागीला आमच्या भाताचा वास सोसेना. भात शिजू लागला की ती उठून गोठ्याकडं पळायची. सगळी वाडी ज्या वासानं धुंद, त्या वासानं तिच्या पोटात ढवळायचं. मला तो माझा अपमान वाटला. तांदळाचा अपमान म्हणजे जमिनीचा, जमिनीचा म्हणजे आमचा, असा काहीतरी मूर्ख हिशेब माझ्या डोक्यात होता.

आईला मात्र काही वाटलं नाही. ती म्हणाली, पोटातलं पोर मागंल ते द्यावं. तिनं भागीला विचारलं, भागी लाजली, मग हळूच नाचणीची भाकरी म्हणाली. आईनं कुठून तरी नाचणीचं पीठ पैदा केलं आणि स्वतः भाकरी थापली. आमच्याकडं नाचणीची सवय कुणाला? भाकरीला चिरा पडल्या, कडा करपल्या. भागीनं सासूसमोर अर्धी भाकरी खाल्ली आणि चांगली झाली म्हणाली. उरलेली दावणीशी कुत्र्याला घातली, ते आईनं पाहिलं. आई हसली. म्हणाली, "आपल्या हाताला न्हाई जमायचं. कुरवंड्यास्नं येऊ दे." आणि तिनंच बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर वर निरोप धाडला.

भाकरी घेऊन आला तो म्हादू. भागीचा आतेभाऊ. त्याची आई लवकर विधवा झाली आणि पोराला घेऊन भावाकडं, म्हणजे भागीच्या बापाकडं, येऊन राहिली. दोघं एका घरात वाढलेली, एका परातीत जेवलेली. आमच्यात आतेभावाचा मुलीवर पहिला हक्क समजतात. ते बोलणं झालंही होतं. पण म्हादूला जमीन नव्हती. तो घाटात रुळांच्या कामावर होता, आणि भागीच्या बापानं खाचरं पाहून पोरगी आमच्याकडं दिली. हे मला लग्नाआधी ठाऊक होतं आणि तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. जिंकलेल्याला कशाला वाटेल?

म्हादू दुपारचा आला. काळा, उंच, हातांना तेलाचा आणि लोखंडाचा वास. आईनं त्याला पाणी दिलं, गोठ्याच्या सावलीला बसवलं आणि भागीला हाक मारली. मी खळ्यावरून पाणी प्यायला आलो होतो. पेंढ्याच्या गंजीआड थांबलो.

भागीनं फडकं सोडलं. भाकरी, तिच्यावर खुरासणीची काळी चटणी, एक कांदा. कांदा तिनं दगडावर ठेवून मुठीनं फोडला. मग घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी दोन वर्षांत पहिल्यांदा तिला खाताना पाहत होतो. ती सावकाश खात होती, गालात घास इकडून तिकडं फिरवत. बोटाला लागलेली चटणी तिनं चाटली. म्हादू तिच्याकडं पाहतही नव्हता. तो बैलांकडं बघत तंबाखू मळत होता आणि घरचं काहीबाही सांगत होता. कुणाची म्हैस दरीत गेली आणि आपली आपण वर आली, असलं काहीतरी. भागी तोंडात घास घेऊन हसली. घास तोंडात असताना माझ्यासमोर ती हसणं शक्यच नव्हतं.

त्या क्षणी मला मत्सर वाटला, त्याला दुसरं नाव नाही. ती भाकरी मला माणसासारखी वाटली. मी बायकोला लुगडं दिलं होतं, डोरलं दिलं होतं, माझ्या घराण्याचं नाव दिलं होतं. पण तिची जीभ अजून कुरवंड्यालाच होती, आणि तिथली वाट या माणसाला ठाऊक होती. आईची भाकरीही नाचणीचीच होती. ती कुत्र्याला गेली. म्हणजे धान्य नको होतं, हात हवा होता, असा मी अर्थ काढला. आणि तो हात म्हादूचा धरला.

पुढं मास्तरकीत वर्षं गेली तेव्हा मला थोडं कळलं. मधल्या सुटीत पोरं आपलं फडकं सोडायच्या आधी दुसऱ्याच्या फडक्यात बघतात. घरून लोणी लावलेली भाकरी आणलेला पोरगा शेजाऱ्याच्या मिठाच्या खड्यावर जीव टाकतो. जी जागा आपली नव्हती तिची चव हवी असते. आणि जी जागा होती आणि सुटली, तिची तर फारच. आजारी माणसाला, गरोदर बाईला, परगावी राहिलेल्या पोराला लहानपणचीच चव का आठवते, याचं शास्त्र कुणी तरी लिहील. मला एवढंच कळतं की भागी त्या भाकरीतून माहेरच्या चुलीपाशी जाऊन बसत होती, म्हादूपाशी नव्हे. पण हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही ते पुरतं पटलेलं नाही.

म्हादू पुन्हा आला. पुन्हा आला. भागीच्या अंगाला रंग येऊ लागला. आई त्याला जाताना पडवळ द्यायची, नवे पोहे बांधून द्यायची. तो येणार त्या दिवशी भागी सकाळपासून वाटेकडं बघायची, आणि मी तिच्याकडं. झोडताना पेंढी मी इतक्या जोरानं आपटायचो की दाण्यांबरोबर काड्याही तुटायच्या. बरोबरचा गडी म्हणाला, "मास्तर, भाताचं काय चुकलं?" सगळे हसले. मीही हसलो.

मग एका दिवशी मी त्याला गावाबाहेर ओढ्यापाशी गाठलं. मुद्दाम नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. हातातला विळा धुवायला गेलो होतो. तो समोरून आला, फडकं खांद्यावर. रामराम झाला. मी म्हणालो, "म्हादू, वाईट वाटून घेऊ नको. आईला डोंगरचं अन्न घरात आलेलं चालत नाही. तोंडावर बोलत नाही ती, पण मागं फार बोलते. भागीला त्रास होतो. तू आता येऊ नकोस."

तो उभाच राहिला. त्याला खरं वाटत नव्हतं. आईनं त्याला पोहे बांधून दिले होते. "म्हातारी तशी वाटली न्हाई," तो म्हणाला. मी म्हणालो, बाहेरच्यांना वाटत नाही. मग त्यानं फडकं माझ्या हातात दिलं. "येवडी तरी पोचवा," म्हणाला आणि माघारी वळला.

मी ती भाकरी पोचवली नाही. बांधावर बसलो आणि फडकं सोडलं. मला पाहायचं होतं त्यात काय आहे. गार झालेली, जड भाकरी. पहिला घास घशाला घासला. मग चटणी लागली, मग मीठ, मग मागाहून येणारा एक गोडसर कडवटपणा. मी सबंध भाकरी खाल्ली. चटणी बोटानं पुसून खाल्ली. ती चांगली होती. तेच मला सहन झालं नाही. वाईट असती तर मी कदाचित तिला नेऊन दिली असती. ओढ्यावर तोंड धुतलं, फडकं वाहत्या पाण्यात सोडलं, आणि घरी जाऊन पुन्हा भातही जेवलो, कुणाला संशय नको म्हणून.

आईला सांगितलं की म्हादूला कामावर कर्जतकडं नेलंय. आई हळहळली. तिनं पुन्हा पीठ आणलं, पुन्हा भाकरी थापली. भागी वाट पाहायची. मग वाट पाहणं थांबलं. मग तिनं श्वास रोखून आमचा भात गिळायला सुरुवात केली. नाक बंद ठेवून जेवणारं माणूस कसं दिसतं, ते मी आता मुद्दाम जाऊन पाहत होतो. मी जिंकलो होतो. घरात फक्त आंबेमोहोर होता.

बाळंतपणाला ती कुरवंड्याला गेली. तिथं म्हादूनं जे मी सांगितलं होतं तेच सांगितलं असणार. त्यात त्याचा काय दोष? कर्जतचं कारण मी आईला पाठीशी घालायला सांगितलं, असं भागीनं धरलं असणार. शंकरला घेऊन परत आली तेव्हा तिचा सासूशी बोलण्याचा सूर बदलला होता. उद्धट नव्हे. मोजका. पुढं शंकरचा कान वाहू लागला आणि वाडीतल्या बायकांना कारण मिळालं. पाणवठ्यावर आई आली की बोलणं थांबायचं. आईला कळेना. एकदा ती मला म्हणाली, "तुज्या बायकूच्या मनात माज्याबद्दल कायतरी हाय. तुला काय ठावं हाय का रं?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दावर ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. तळेगावच्या डॉक्टरनं शंकरचा कान पाहून सांगितलं होतं की सर्दी कानात उतरली, डोहाळ्यांचा काही संबंध नाही. मी मास्तर माणूस, मला ते पटलं. पण म्हणून काही सुटका झाली नाही. कान कशानंही फुटला असो. भाकरी मी खाल्ली होती, आणि नाव आईचं झालं होतं.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या तोंडची चव गेली. भागीनं तिचं सगळं केलं. वेळेवर पेज, वेळेवर पाणी, धुतलेलं अंथरूण. कुणी बोट ठेवावं अशी जागा नव्हती. आमच्याकडं दोन माणसांना विचारायची पद्धत आहे, काय खावंसं वाटतं म्हणून. एक पोटुशी आणि दुसरं जाणारं. भागीनं आईला ते विचारलं नाही. शेजारणीनं टोकलं तेव्हा ती चुलीपाशी बसून म्हणाली, "त्यांनी मला कुटं खाऊ दिलं?" मी दारात होतो. तेव्हा बोललो असतो तर एक प्रश्न विचारला गेला असता. मी वळून खळ्याकडं गेलो.

म्हादू घाटातच दरड कोसळून गेला. त्याची बातमी आली तेव्हा भागी रडली, आणि ती किती वेळ रडते याकडं माझं लक्ष होतं. असा मी माणूस.

पण परवा, सुमननं पणजीला खाष्ट म्हटलं आणि बायका हसल्या, त्यानंतर मला ओटीवर बसवेना. ही पोर आता सासरी जाऊन हीच गोष्ट सांगेल. तिची पोर पुढं सांगेल. माझी आई आमच्या घराण्यात एवढ्याच एका गोष्टीपुरती उरेल. बायका उठून गेल्या. भागी एकटीच सुपात तांदूळ घेऊन उन्हाला बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत असा कधी बसलो नव्हतो. तिनं नवलानं पाहिलं.

मी सांगितलं. ओढा, म्हादू, आईचं नाव, सगळं. ती खडे वेचत राहिली. माझं बोलणं संपल्यावरही वेचत राहिली, सुपात एकही खडा दिसत नव्हता तरी.

"आनि ती भाकर?" तिनं विचारलं.

"मी खाल्ली."

"समदी?"

"सगळी."

"कशी व्हती?"

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण ती खरंच विचारत होती. चांगली होती, मी म्हणालो. मीठ जरा पुढं होतं.

"म्हादूच्या आईनं केल्याली," ती म्हणाली. "तिचं मीठ पुढंच असायचं. म्या तिच्याच हातचं खाऊन वाढले." म्हणजे ज्या हाताचा मी जन्मभर मत्सर केला, तो हात एका विधवा बाईचा होता.

मग तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता बोलेल, मला जे ऐकवायला हवं ते ऐकवेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती आईच्या खोलीच्या दाराकडं पाहत होती. "म्या त्यास्नी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "पाणी मागायच्या, म्या पाणी द्यायची. इचारलं न्हाई." मी म्हणालो, तुझा दोष नाही, मी खोटं बोललो म्हणून. ती म्हणाली, "तुमी खोटं बोललासा. इचारलं न्हाई ते म्या." तिच्या मनातली एक जागा, जिच्यावर पाय देऊन ती इतकी वर्षं ताठ उभी होती, ती मी काढून घेतली. आईचं नाव धुतलं, आणि ते पाणी हिच्या अंगावर गेलं. याचा विचार मी केला नव्हता.

सूप पुन्हा पुढ्यात ओढून ती म्हणाली, "सोमवारी आत्याबाईंची तिथ हाय. पानात त्यांच्या आवडीचं काय वाढू?"

दरवर्षी आम्ही खीर वाढतो. सगळेच वाढतात. आईला काय आवडायचं, ते मला ठाऊक नव्हतं. बापाला काय आवडायचं ते मला ठाऊक होतं. शंकरला काय आवडतं, बैलाला कुठलं गवत आवडतं, म्हादूनं फडक्यात काय बांधून आणलं होतं, हे आजही सांगता येईल. एका बाईच्या ताटाकडं मी इतका डोळा लावून बसलो होतो की दुसरी काय खाते, ते पाहिलंच नाही. आई शेवटी जेवायची, किंवा शेवटच्या आधी. पातेल्यात असेल ते. तेच तिला आवडतं असं आम्ही धरून चाललो.

"तुमची आई," भागी म्हणाली. "तुमाला ठावं न्हाई?"

ती उठली, काठी घेतली आणि वाडीच्या वरच्या टोकाला निघाली. तिथं तानूबाई राहते. ती आईच्या बरोबरीनं लावणीला वाकायची. आता तिला दिसत नाही, पण बोलते. मी ओटीवरून भागीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो.

ती परत आली ती तिन्हीसांजेला. चालून दमली होती, पण चेहऱ्यावर काही तरी मिळाल्याचं होतं. दोघी बोलत बसल्या असणार, आईबद्दल, इतका वेळ. मी विचारलं, "काय म्हणाली तानूबाई?"

"सोमवारी पान वाढलं की बगा," ती म्हणाली आणि आत गेली.

आत तिनं सुमनला हाक मारली. दोघींचं काहीतरी हळू बोलणं चाललं. मग सुमन मोठ्यानं म्हणाली, "हे आवडायचं? पणजीला?" आणि पुढचं ऐकू आलं नाही. माझ्या आईला काय आवडायचं ते आता त्या तिघींना ठाऊक आहे. मला नाही. आज शनिवार आहे. मला त्यांचा हेवा वाटतो आहे, आणि आत जाऊन विचारायचा मला हक्क नाही.